फवारणीपूर्वी वारा पाहण्यासाठी रुईची म्हातारी : बोंडे तोडणे, वाळविणे व साठविणे

खळ्यावर उपणणी करताना वारा पाहिल्यावाचून कोणीही पाटी डोक्याच्या वर नेत नाही. तिवईवर उभा राहिलेला शेतकरी आधी मूठभर मळणी सोडून पाहतो. दाणा कोठे पडतो, भूस कोणीकडे जाते, वारा एकसारखा आहे की मधून मधून पडतो, हे ध्यानात घेऊनच तो कामास लागतो. वारा फिरला तर तोही फिरतो. वारा पडला तर हात थांबवितो. भूस डोळ्यांत गेले तर होणारा त्रास घटकाभराचा असतो, तरीही त्याबाबत एवढी काळजी घेतली जाते.

तोच शेतकरी पाठीवर औषधाचा पंप घेऊन कापसात शिरतो तेव्हा मात्र वारा पाहण्याची ही जुनी शिस्त पुष्कळ वेळा विसरली जाते. येथे उडणारी वस्तू भूस नसून विष असते. २०१७ सालच्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या अनर्थामागे अनेक कारणे एकत्र आली होती. संरक्षक कपड्यांचा अभाव, औषधांची चुकीची मिश्रणे आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात केलेली फवारणी यांची त्यांत गणना होते. फवारा अंगावर येऊ न देणे हा या सर्व शिकवणुकीचा गाभा आहे, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे वारा ओळखणे होय.

वारा ओळखण्याचे एक साधन शेताच्या बांधावरच उगवते व त्यास पैसा पडत नाही. ते म्हणजे रुईच्या बोंडातील रेशमासारखा कापूस. लहान मुले ज्या उडत्या कापसाला ‘म्हातारी’ म्हणतात व जिच्यामागे धावतात, तीच ही वस्तू. परंतु रुईची बोंडे पिकतात उन्हाळ्यात आणि फवारणी चालते पावसाळ्यात. म्हणून बोंडे वेळेवर तोडणे, नीट वाळविणे आणि पावसाळाभर कोरडी राखणे या तीन गोष्टी साधल्या तरच या साधनाचा उपयोग होतो. या पाठात त्यांचीच माहिती दिली आहे.

अमेरिकेतील शिकाऱ्यांची रीत

उत्तर अमेरिकेत रुईच्याच जातकुळीतील ‘मिल्कवीड’ नावाची रानटी वनस्पती सर्वत्र आढळते. तिची पाने वा देठ मोडले असता पांढरा चीक निघतो, यावरून तिला हे नाव पडले. तेथील हरणांचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. माणसाचा वास वाऱ्याबरोबर हरणाकडे गेला की ते दिसण्यापूर्वीच पळून जाते. म्हणून धनुष्यबाणाने शिकार करणारे लोक शरद ऋतूत मिल्कवीडची बोंडे फुटण्याच्या बेतात असताना तोडतात, वाळवितात आणि त्यांतील तंतू औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून खिशात ठेवतात. झाडावरील माचाणावर बसल्यावर एक-दोन तंतू हवेत सोडले की वारा कोणीकडे वाहतो, पुढे गेल्यावर कोठे वळतो, उतारावरून खाली येतो की वर चढतो, हे सारे डोळ्यांना दिसते. बारीक भुकटी उडविली तर ती काही हातांवरच दिसेनाशी होते. हा तंतू मात्र दूरवर तरंगत जाताना दिसतो. हाच त्याचा मोठा गुण होय.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. तेव्हा ही रीत येथे शिकारीसाठी घ्यावयाची नाही. तिच्यातील वारा पाहण्याची युक्ती तेवढी उचलून फवारणीच्या कामी लावावयाची आहे. शिकाऱ्याला आपला वास दुसरीकडे जाऊ द्यावयाचा नसतो. फवारणी करणाऱ्याला विषाचा तुषार आपल्याकडे वा शेजाऱ्याकडे जाऊ द्यावयाचा नसतो. दोघांनाही प्रथम वाऱ्याची वाट माहीत असावी लागते.

रुईची ओळख

रुई, मंदार, अर्क ही नावे महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहेत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. आपल्याकडे रुईच्या दोन जाती आढळतात. मोठ्या रुईची, म्हणजे कॅलोट्रॉपिस जायगँटियाची, फुले फिकट जांभळी किंवा पांढरी असून पाकळ्या बाहेरच्या बाजूस पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या असतात. दुसरी जात कॅलोट्रॉपिस प्रोसेरा ही होय. तिच्या पाकळ्या उभ्या असून त्यांच्या टोकांवर गडद जांभळा डाग असतो. तिचे बोंड फुगीर व कैरीसारखे दिसते. दोन्ही जातींचा कापूस या कामास चालतो.

बोंडाच्या आत मधोमध एक मऊ दांडा असतो. त्यावर चपट्या बिया घराच्या कौलांप्रमाणे एकीवर एक बसविलेल्या असतात. प्रत्येक बीच्या टोकाला सुमारे एक ते दीड इंच लांबीच्या चकचकीत पांढऱ्या तंतूंचा झुबका असतो. बोंड पिकले की शिवणीवर उकलते, तंतू वाळून पसरतात आणि बी वाऱ्याबरोबर दूर जाते. निसर्गाने ही योजना बी पसरविण्यासाठी केली आहे. तंतू आतून पोकळ, पातळ सालीचा व वरून मेणचट असल्यामुळे तो अत्यंत हलका असतो.

याच हलकेपणामुळे दुसऱ्या महायुद्धात मिल्कवीडला मोठे महत्त्व आले होते. जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्यावर तेथून येणारा कपोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, अमेरिकेस मिळेनासा झाला. नौसैनिकांच्या तरंगणाऱ्या जाकिटांत भरण्यासाठी पर्याय म्हणून १९४४ साली तेथील शाळकरी मुलांकडून मिल्कवीडची बोंडे गोळा करविण्यात आली. मिशिगन राज्यात पेटोस्की येथे त्यांवर प्रक्रिया होत असे. बोंडे भरण्यासाठी कांद्याच्या जाळीदार गोण्या वापरीत व त्या भरलेल्या गोण्या कुंपणावर टांगून ठेवीत, म्हणजे वारा लागून बोंडे कुजत नसत. कांद्याची गोणी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सहज मिळते. तिचा उपयोग या कामी पुढे सांगितल्याप्रमाणे करावा.

चिकापासून सावधगिरी

बोंडे तोडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रुईचा चीक विषारी आहे. तो डोळ्यांत गेला तर बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होऊन दृष्टी अंधुक होते. विशेष म्हणजे पुष्कळ वेळा वेदना फार होत नाहीत, त्यामुळे दुखणे क्षुल्लक समजून अंगावर काढले जाते. तसे करू नये. चीक डोळ्यांत गेल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे सोडावी व त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

तोडणी करणाऱ्याने रबरी हातमोजे व साधा चष्मा वापरावा. चीक लागलेल्या हाताने डोळे, तोंड वा मूल यांस स्पर्श करू नये. काम संपताच हात साबणाने धुवावेत. अमेरिकेत हे काम मुलांनी केले असले, तरी रुईची बोंडे तोडण्याचे काम मुलांकडे देऊ नये.

बोंडे केव्हा व कशी तोडावीत

रुईला फुले थोडीफार वर्षभर येत असली, तरी कोरड्या हवेत पिकलेली उन्हाळ्यातील बोंडे साठवणीस उत्तम. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत बांधावर व रस्त्याच्या कडेला नजर ठेवावी. जवळच एखादे बोंड उकलून कापूस उडू लागला, म्हणजे त्या झुडपावरील बाकीची बोंडे तयार होत आली असे समजावे.

तोडणीयोग्य बोंडाच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत :

१. बोंडाचा हिरवा रंग जाऊन त्यावर पिवळसर किंवा करडी झाक येते.

२. शिवणीवर अंगठ्याने हलका दाब दिला असता ती सहज उकलते.

३. आतील बिया तपकिरी झालेल्या असतात. बिया पांढऱ्या व तंतू ओलसर चिकटलेले असल्यास बोंड कच्चे समजावे.

कच्चे बोंड वाळविले तर तंतू एकमेकांस चिकटून राहतात व पुढे उलगडत नाहीत. उलटपक्षी पूर्ण उकललेल्या बोंडातील कापसात धूळ व दव शिरलेले असते आणि निम्मा कापूस उडून गेलेला असतो. म्हणून शिवण नुकतीच सैल झालेली बोंडेच निवडावीत. परीक्षेसाठी एका झुडपावरील एकच बोंड उकलून पाहावे.

तोडणी सकाळी दव उडाल्यानंतर, परंतु वारा वाढण्यापूर्वी करावी. बोंड ओढून तोडू नये. देठाचा बोटभर तुकडा ठेवून कात्रीने कापावे. कापल्यावर देठातून चीक ठिबकतो, तो थांबेपर्यंत बोंड देठ खाली करून धरावे, म्हणजे चीक शिवणीतून आत उतरत नाही. किडलेली, काळे डाग पडलेली वा पावसात भिजलेली बोंडे घेऊ नयेत.

सर्व बोंडे तोडण्याची गरज नाही आणि झुडूप तर मुळीच तोडू नये. काळी कड असलेल्या नारिंगी रंगाच्या फुलपाखराच्या अळ्या रुईच्या पानांवर वाढतात, आणि तिच्या फुलांवर मधमाश्या व भुंगे येतात. बांधावर ही झुडपे असू द्यावीत. शेतात मात्र ती तण म्हणून पसरू देऊ नयेत.

किती बोंडे लागतील

याचा हिशेब सोपा आहे. एका हंगामात आठ वेळा फवारणी होते असे धरले, प्रत्येक फवारणीच्या दिवशी चार वेळा वारा पाहिला आणि दर वेळी तीन तंतुझुबके सोडले, तर ८ गुणिले ४ गुणिले ३ म्हणजे ९६ झुबके लागतील. चांगल्या भरलेल्या एका बोंडात शेकडो बिया व तितकेच झुबके असतात. म्हणजे एका कुटुंबास एक बोंड पुरते. काही बोंडे खराब निघतील, काही कापूस ओलाव्याने वाया जाईल, हे धरून दर कुटुंबामागे चार-पाच बोंडे ठेवली की भागते. अधिक साठा करण्यात लाभ नाही.

वाळवण

बोंडे थेट कडक उन्हात पसरली तर साल भराभर आकसते, शिवण फाटते आणि सारा कापूस अंगणभर उडतो. म्हणून वाळवण सावलीत व हवेशीर जागी करावी.

तोडलेल्या प्रत्येक बोंडास मधोमध सुतळीचा किंवा रबराचा एक सैल वेढा द्यावा. वेढा फार आवळू नये. हवा आत जाण्यास फट राहिली पाहिजे, पण बोंड उघडता कामा नये. नंतर ही बोंडे कांद्याच्या जाळीदार गोणीत एकावर एक दाटी होणार नाही अशा बेताने भरावीत आणि गोणी पडवीत किंवा गोठ्यापासून दूर असलेल्या छपराखाली टांगावी. दिवसाआड गोणी हलवून बोंडे वरखाली करावीत. ढीग करून ठेवलेली बोंडे आतून तापतात, त्यांना बुरशी येते व कापूस पिवळा पडतो.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत साधारण एक ते दोन आठवड्यांत बोंडे वाळतात. दिवस मोजण्यापेक्षा परीक्षा घ्यावी. साल तपकिरी, हलकी व वाळक्या चामड्यासारखी झालेली असावी. मग एक झुबका बी काढून घेऊन वारा नसलेल्या खोलीत डोक्याच्या उंचीवरून सोडावा. तो आपोआप छत्रीसारखा उघडून सावकाश तरंगत खाली आला, तर वाळवण पूर्ण झाली. तो मिटलेलाच राहून सरळ पडला, तर आणखी चार दिवस बोंडे टांगून ठेवावीत.

वाळलेला कापूस चटकन पेट घेतो. चूल, दिवा, विडी यांपासून तो दूर ठेवावा. बोंड फोडताना उडणारे तंतू नाकात जाऊन त्रास देतात. म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे.

बी काढणे

हवेत सोडावयाच्या तंतूस बी नसावे. बीच्या वजनाने झुबका लवकर खाली येतो आणि मंद वाऱ्याची वाट नीट दाखवीत नाही. शिवाय बीसह सोडलेली म्हातारी शेतात रुईचे रोप उगवते.

वाळलेल्या बोंडाची शिवण हळूच उघडावी. आतील बियांचा गठ्ठा मधल्या दांड्यासह न विसकटता उचलावा. तंतूंचा भाग एका हाताच्या चिमटीत घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बिया खरवडून काढाव्यात. बोंड योग्य वेळी तोडलेले असल्यास बिया सहज सुटतात व हातात तंतूंची जुडी राहते. हे काम वारा नसलेल्या खोलीत, पसरलेल्या कापडावर करावे. गोळा झालेल्या बिया शेतात वा उकिरड्यावर न टाकता खोल पुरून टाकाव्यात.

साठवण

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी साठवण पुरी झाली पाहिजे. पावसाळी हवेतील ओलावा हा या कापसाचा पहिला शत्रू होय. ओलसर तंतू एकमेकांस बिलगतात व उडत नाहीत. उंदीर हा दुसरा शत्रू. घरटे करण्यासाठी तो कापूस पळवितो.

घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. तो धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून थंड होऊ द्यावा. तळाशी ओलावा शोषणारी एखादी वस्तू ठेवावी. औषधांच्या वा बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची जी लहान पुडी येते ती चालते. ती नसल्यास भाजून गार केलेल्या मूठभर तांदळाची पुरचुंडी ठेवावी व त्या तांदळाचा खाण्यासाठी उपयोग करू नये. त्यावर तंतूंच्या जुड्या न दाबता ठेवाव्यात. काही बोंडे न फोडता वेढ्यासह तशीच ठेवावीत. डबीतील कापूस संपला वा बिघडला तर ती उपयोगी पडतात. बरणीवर तोडणीचा महिना व साल लिहून ती मुलांच्या हाताबाहेर, उंच व कोरड्या जागी ठेवावी.

कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात हा कापूस कदापि ठेवू नये. तंतू बोटांनी हाताळावयाचा असतो व तीच बोटे तोंडाशी जातात. विषाच्या रिकाम्या बाटल्या घरातील कोणत्याही कामास वापरणे धोक्याचे असते.

शेतात नेण्यासाठी गोळ्यांची छोटी डबी पुरेशी होते. तिच्या झाकणास शेंगदाणा जाईल एवढे भोक पाडून त्यातून एकेक तंतू चिमटीने ओढून घ्यावा. एरवी भोकावर चिकटपट्टी लावावी. डबी खिशात ठेवण्यापूर्वी एक झुबका उडवून तो उघडतो की नाही हे घरीच पाहावे.

शेतात वारा कसा पाहावा

औषध कालविण्यापूर्वीच वारा पाहावा. औषध कालविल्यावर ते वाया जाईल या भीतीने माणूस वाईट वाऱ्यातही फवारणी करतो, असा सर्वत्र अनुभव आहे.

शेताच्या मोकळ्या कडेला, झाड वा गोठा यांच्या आडोशापासून दूर उभे राहावे. हात छातीएवढा उंच धरून, पीक त्याहून उंच असल्यास पिकाच्या शेंड्याच्या वर, एक झुबका सोडावा व तो दिसेनासा होईपर्यंत पाहावा. असे तीन झुबके थोड्या थोड्या वेळाने सोडावेत. तिन्ही एकाच दिशेने गेले तर वारा स्थिर आहे. तिघांच्या तीन वाटा झाल्या तर वारा फिरता आहे. अशा वेळी फवारणी करू नये.

वाऱ्याचा वेग काढण्यासाठी दहा मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, अंतर आधी मोजून दोन खुंट्या ठोकाव्यात. झुबका एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. ३६ या आकड्यास त्या सेकंदांनी भागले की वाऱ्याचा दर ताशी वेग किलोमीटरमध्ये मिळतो. १२ सेकंद लागले तर वेग ताशी ३ किलोमीटर; ६ सेकंद लागले तर ६ किलोमीटर; ४ सेकंद लागले तर ९ किलोमीटर; ३ सेकंद लागले तर १२ किलोमीटर; आणि २ सेकंदच लागले तर १८ किलोमीटर होय.

यावरून सोपा नियम असा : झुबका दहा मीटर जाण्यास ३ ते १२ सेकंद लागत असतील तर वारा फवारणीस योग्य. ३ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर तुषार दूर वाहून जातील, काम थांबवावे. १२ सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला तर हवा कोंडलेली आहे. थोडा वेळ वाट पाहावी.

वारा मुळीच नसणे हे फवारणीस उत्तम, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो खरा नाही. आकाश निरभ्र असताना सूर्यास्तानंतर व पहाटे जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. अशा वेळी गावातील चुलींचा धूर वर न जाता घरांच्या डोक्यावर आडवा पसरलेला दिसतो. औषधाचे बारीक तुषारही तसेच अधांतरी राहतात व कोणत्याही बाजूस सरकतात. म्हातारी हातापासून सुटून जवळच रेंगाळत आडवी सरकू लागली, तर ही स्थिती ओळखावी. भर दुपारी याच्या उलट घडते : जमीन तापून हवा वर चढते आणि झुबका सरळ आकाशात जातो. तेव्हाही फवारणी करू नये.

फवारणीची दिशा

वाऱ्याकडे तोंड करून फवारणी केल्यास तुषार तोंडावर येतात हे सर्वांना कळते. परंतु वाऱ्याकडे पाठ करून सरळ पुढे चालत गेले तर फवारलेल्या ओल्या पिकातच शिरावे लागते, ही गोष्ट विसरली जाते. योग्य रीत अशी की, वारा ज्या कडेकडे वाहतो त्या कडेपासून आरंभ करावा. वाऱ्याला आडवे चालावे, तोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूस धरावी आणि ओळ संपल्यावर वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या ओळीत यावे. अशा रीतीने प्रत्येक नव्या ओळीत माणूस कोरड्या, न फवारलेल्या पिकात असतो व तुषार त्याच्यापासून दूर जातात. पिकाच्या ओळी वाऱ्याला आडव्या नसतील, तर वारा निदान बाजूने येईल अशी वेळ निवडावी.

दर पंप भरताना पुन्हा एक झुबका सोडावा. पावसाळ्यात महाराष्ट्रात वारा मुख्यतः पश्चिम व नैऋत्येकडून वाहतो, पण पाऊस सरताना तो पूर्वेकडे फिरू लागतो. टेकडी, नाला, उसाचा फड किंवा दाट झाडी यांच्याजवळ तर एकाच शेतात दोन दिशांचे वारे आढळतात. सकाळी पाहिलेला वारा दुपारी खरा मानू नये.

खांद्यापेक्षा उंच वाढलेल्या पिकात वारा अनुकूल असला तरी धोका राहतो. पिकाच्या आतील हवा कोंडलेली असते व वरून पडणारे तुषार डोक्यावर व तोंडावर येतात. तेथे आत जाऊन फवारणी करू नये.

वाऱ्याच्या खालच्या बाजूस काय आहे

म्हातारी ज्या दिशेला गेली त्या दिशेला पुढे काय आहे, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. शेजारच्या शेतात निंदणी करणाऱ्या बाया असतील, झाडाला बांधलेल्या झोळीत मूल झोपलेले असेल, उघडी विहीर असेल, जनावरांसाठी कापून ठेवलेला चारा असेल, मधमाश्यांच्या पेट्या असतील किंवा रेशीम किड्यांसाठी लावलेली तुतीची बाग असेल. तुतीच्या पानांवर कीटकनाशकाचा अंश पडला तरी ती पाने खाऊन रेशीम अळ्या मरतात. २,४-डी हे तणनाशक ज्वारीत वा उसात फवारले आणि वारा कापसाकडे किंवा द्राक्षबागेकडे असला, तर त्या पिकांची पाने वेडीवाकडी होऊन मोठे नुकसान होते. शेजाऱ्याशी होणारे कित्येक तंटे एका वाऱ्याच्या झुळकीतून सुरू होतात. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यास सूचना द्यावी आणि वारा त्याच्याकडे असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

फवारणी करणारा पुष्कळदा रोजंदारीवरील मजूर असतो. वारा प्रतिकूल आहे असे त्याने सांगितले तर मालकाने त्याचे ऐकले पाहिजे, आणि काम थांबविल्याबद्दल त्याचा रोज कापू नये. एका दिवसाच्या मजुरीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

म्हातारीने काय साधत नाही

वारा पाहिला म्हणजे इतर काळजी नको असे कोणी समजू नये. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे व पायात बूट ही साधने आवश्यकच आहेत. कीटकनाशके अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. गळका पंप, मनाने केलेली औषधांची मिश्रणे, उपाशी पोटी केलेले काम, फवारताना खाणे व धूम्रपान ही सर्व टाळली पाहिजेत.

डोके दुखणे, मळमळ, घाम सुटणे, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ येणे, श्वास लागणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच काम थांबवावे. रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत न्यावे, अंगावरील कपडे काढून साबण व पाण्याने अंग धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली वा तिच्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरविणे सोपे जाते. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ वर्षातून तीन वेळा द्यावा. चैत्र-वैशाखात बांधावर नेऊन पिकलेले व कच्चे बोंड शेजारी शेजारी ठेवून दाखवावे आणि चिकाची सूचना द्यावी. मृगापूर्वी दोन-चार घरांतील बरण्या उघडून झुबका उडतो की नाही याची परीक्षा घ्यावी. पहिल्या फवारणीच्या सुमारास शेतात दहा मीटरवर खुंट्या ठोकून सर्वांसमोर वेग काढावा. पंपात रंगीत पाणी भरून व फवारणाऱ्याच्या अंगावर पांढरा सदरा घालून, एकदा वाऱ्याविरुद्ध व एकदा योग्य रीतीने फवारावे. सदऱ्यावरील डाग पाहिले की लांब भाषणाची गरज राहत नाही. प्रात्यक्षिकात खरे औषध कधीही वापरू नये. पाठास मालकांइतकेच फवारणी करणारे मजूर व निंदणीस जाणाऱ्या स्त्रिया यांना अगत्याने बोलवावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. शिवण नुकतीच सैल झालेली बोंडे उन्हाळ्यात तोडावीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

२. बोंडांना सैल वेढा देऊन, जाळीदार गोणीत, सावलीत वाळवावीत.

३. बी काढलेले तंतू घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावेत. विषाची बाटली वापरू नये.

४. औषध कालविण्यापूर्वी तीन झुबके सोडावेत. दहा मीटरला ३ ते १२ सेकंद लागले तरच फवारणी करावी.

५. वाऱ्याच्या खालच्या कडेपासून आरंभ करून, वाऱ्याला आडवे चालत वरच्या बाजूस जावे.

६. दर पंपास वारा पुन्हा पाहावा. तो फिरला तर रीत बदलावी, वाढला तर काम थांबवावे.